गुरुवारचा तास

रुग्णालयांचे व्यवस्थापक, अधीक्षक आणि विश्वस्त यांना,

स. न. वि. वि.

मी २८ वर्षं नर्स आहे, त्यातली शेवटची ९ मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज म्हणून. गेल्या महिन्यात आमच्या नोटीस बोर्डावर एक परिपत्रक लागलं. दर गुरुवारी दुपारी दोन ते तीन या वेळेत डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, वॉर्डबॉय, मावश्या असे वॉर्डातले सगळे एका खोलीत बसायचे आणि आठवड्याभरात काय चुकलं, कोण कोणाशी तुसडेपणाने वागलं, कोणाला काय कळलंच नाही, यावर बोलायचे. तो तास बंद केल्याचं परिपत्रकात होतं. कारण एका ओळीचं: 'सदर उपक्रम रुग्णसेवेशी थेट संबंधित नसल्याने.' त्याच आठवड्यात ओपीडीच्या दाराशी हसरा, मख्ख आणि रडका असे तीन चेहरे असलेलं अभिप्राय घेण्याचं यंत्र बसलं, आणि आमच्या ड्युटी रूममध्ये 'हसतमुख राहा' असं पोस्टर चिकटवलं गेलं.

पोस्टरशी माझं भांडण नाही. भिंतीला ओल आली होती, ती झाकली गेली. माझं भांडण 'थेट संबंधित नाही' या शब्दांशी आहे. रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. असला कागद तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या टेबलावर सहीसाठी येऊन गेला असेल किंवा उद्या येईल, म्हणून हे पत्र सगळ्यांनाच.

त्या तासात काय व्हायचं ते आधी सांगते. एका गुरुवारी आमचे डॉक्टर फिट्स येणाऱ्या एका रुग्णाबद्दल बोलत होते. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा ॲडमिट. दिवसातून तीन वेळा गोळी चालू, तरी फिट्स थांबत नाहीत, तेव्हा दुसरं औषध वाढवावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. केसपेपरवर स्वच्छ लिहिलेलं होतं, 'औषध नियमित घेतो.' कोपऱ्यात बसलेल्या मावशी, ज्या एरवी त्या खोलीत फक्त फरशी पुसायला यायच्या, हळूच म्हणाल्या, "साहेब, ते दोनच गोळ्या घेतात. मी चादर बदलत होते तेव्हा बायकोला सांगत होते, जेवणानंतर घ्यायला सांगितलंय आणि मी जेवतो दोनदा, मग तिसरी कशावर घेऊ?"

खोलीत कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, उठले आणि सरळ बेडजवळ गेले. दुसरं औषध द्यावं लागलं नाही. तो माणूस खोटं बोलला नव्हता. 'गोळ्या नियमित घेता ना?' या प्रश्नाचं त्याच्या लेखी खरं उत्तर 'हो' हेच होतं. ही रुग्णसेवा नसेल, तर रुग्णसेवा कशाला म्हणायचं ते आम्हाला लेखी कळवावं.

आता तक्रारी.

पहिली. ऐकून घेण्याच्या कामाला तुम्ही फावल्या वेळातलं काम समजता. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोन संशोधकांनी तपासणीच्या खोलीतली संभाषणं रेकॉर्ड करून तपासली. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: बोलू दिलं तर हे लोक अर्धा तास खातील. स्वित्झर्लंडमध्ये तेही करून पाहिलं गेलं. डॉक्टरांना सांगितलं, रुग्ण थांबेपर्यंत मध्ये बोलू नका, आणि गुपचूप वेळ मोजली. २००२ साली ते निष्कर्ष छापून आले. ३३५ रुग्ण, सरासरी ९२ सेकंद. चारातले तीनहून जास्त जण दोन मिनिटांच्या आत स्वतःहून थांबले. मी डॉक्टरांना दोष देत नाहीये. बाहेर सत्तर माणसांची रांग असताना दीड मिनिटसुद्धा लांब वाटतं, हे मी रोज बघते. पण ती रांग लावली कोणी? ओपीडीचं वेळापत्रक डॉक्टर आखत नाहीत.

दुसरी तक्रार माझ्या स्वतःच्या आयुष्यातली आहे, त्यामुळे जरा लांबेल.

नोकरीचं दुसरं वर्ष. रात्रपाळी. एका वृद्ध बाईंना झोपेचं इंजेक्शन लिहिलेलं होतं. त्यांचं वजन जेमतेम, किडनीचे रिपोर्ट वाईट, आणि डोस मला दुप्पट वाटत होता. लिहिणाऱ्या डॉक्टरांनी आदल्याच आठवड्यात राऊंडला सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, "सिस्टर, इथं डॉक्टर कोण आहे, तुम्ही की मी?" मी फोनचा रिसीव्हर उचलला. कानाला लावला. डायल टोन ऐकला. आणि खाली ठेवला. इंजेक्शन दिलं. पहाटे चारला बाईंचा श्वास इतका संथ झाला की मी त्यांच्या छातीवर हात ठेवून मोजत बसले. आयसीयूत हलवलं. त्या वाचल्या, नवव्या दिवशी घरी गेल्या, जाताना मला 'बाळा, जेवलीस का' विचारून गेल्या. मेमो मला मिळाला. त्यात 'निष्काळजीपणा' असा शब्द होता. चौकशीत बरंच विचारलं गेलं, पण फोन उचलून खाली का ठेवलास, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या रुग्णालयाला स्वतःबद्दल काहीतरी कळलं असतं.

पुढे कळलं की हे माझं एकटीचं भित्रेपण नव्हतं. १९६६ साली हॉफलिंग नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने २२ नर्सना फोनवरून औषध द्यायला सांगण्याचा प्रयोग केला. फोनवरचा डॉक्टर अनोळखी, औषधाचं नाव कधी न ऐकलेलं, डबीवर लिहिलेलं की जास्तीत जास्त डोस १० मिलिग्रॅम, आणि आज्ञा २० मिलिग्रॅमची. २१ जणी औषध घेऊन बेडकडे निघाल्या, तेव्हा त्यांना अडवण्यात आलं. गोळ्या अर्थात निरुपद्रवी होत्या. दुसऱ्या १२ नर्सना फक्त विचारलं होतं, असं झालं तर काय कराल? त्यातल्या १० जणी म्हणाल्या, आम्ही देणार नाही. आपण काय करू असं वाटतं आणि समोर साहेब असताना आपण काय करतो, यात एवढं अंतर असतं. ते कापायला चारित्र्याचे धडे पुरत नाहीत. प्रश्न विचारल्यावर अपमान होणार नाही, याची आधी खात्री हवी.

२००५ साली ब्रिटनमध्ये इलेन ब्रॉमिली या बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनला गेल्या. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर तोंडावाटे नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले. एका नर्सने गळ्याला छेद द्यायचं साहित्य आणून ठेवलं आणि आणल्याचं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत बेड सांगून ठेवला आणि डॉक्टरांचे चेहरे बघून परत रद्द केला. काय करायला हवं ते खोलीतल्या नर्सना कळत होतं, ते म्हणायचं कसं हे कळत नव्हतं. बाई १३ दिवसांनी गेल्या. त्यांचे पती मार्टिन हे वैमानिक. विमानाच्या कॉकपिटमध्ये कनिष्ठाने वरिष्ठाला टोकावं आणि वरिष्ठाने ते ऐकावं, याचं प्रशिक्षण १९८० च्या दशकापासून रुळत गेलेलं आहे, कारण त्या क्षेत्रानेही आपली माणसं अशीच गमावली होती. आपल्या बायकोच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ते नव्हतं, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी कोणाला तुरुंगात घाला म्हटलं नाही. हे पुन्हा कसं होणार नाही, याच्या मागे लागले आणि २००७ साली त्यासाठी एक संस्था उभी केली.

ही घटना मी त्या गुरुवारच्या खोलीत दोनदा सांगितली आहे. दुसऱ्यांदा सांगितली तेव्हा आमची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सिस्टर, मागच्या महिन्यात मी सलाईनबद्दल विचारायला आले होते, तर तुम्ही 'प्रश्न नंतर' म्हणालात. नंतर मी विचारलंच नाही." बरोबर होतं तिचं. मला मिळालेलं मी पुढे वाढून दिलं होतं. तो तास नसता तर ते माझ्या कानावर कधीच आलं नसतं.

तुम्हाला आकडे लागतात, म्हणून एक सांगते. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या पथकांचा अभ्यास केला. चांगल्या पथकांत औषधांच्या चुका कमी सापडतील, असा तिचा अंदाज. निघालं उलटंच, चांगल्या पथकांत नोंदवलेल्या चुका जास्त. ती पथकं जास्त चुका करत होती म्हणून नव्हे, तर तिथले लोक त्या लपवत नव्हते म्हणून. तेव्हा 'तुमच्या वॉर्डाचे इन्सिडन्ट रिपोर्ट का वाढले' असा खुलासा मागणारं पत्र मला पाठवताना जरा थांबा. शून्य रिपोर्ट पाठवणाऱ्या वॉर्डात आधी जाऊन या.

तिसरी तक्रार. कोणी वरिष्ठ नर्सच्या अंगावर फाइल भिरकावतो, शिकाऊ डॉक्टरला रडवतो, आणि तुम्ही म्हणता, हात सोन्याचा आहे हो, स्वभाव तेवढा तापट. स्वभावाला औषध नाही, ही म्हण रुग्णालयाइतकी दुसरीकडे कुठे वापरली जात नसेल. २०१५ साली इस्रायलमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नवजात अतिदक्षता विभागातली २४ पथकं, समोर आजारी बाळाऐवजी पुतळा. काही पथकांना एका पाहुण्या तज्ज्ञाने इस्रायलमधल्या वैद्यकीय सेवेच्या दर्जाबद्दल जाता जाता तिरकस शेरे मारले. शिवी नाही, आरडाओरडा नाही. त्या पथकांची निदानं जास्त चुकली, हातचं कामही घसरलं, एकमेकांना माहिती देणं आणि मदत मागणं कमी झालं. परक्याच्या टोमण्याने एवढं होत असेल, तर रोजच्या साहेबाच्या ओरडण्याने काय होत असेल? तापट सर्जनला सांभाळून घेण्याची किंमत रुग्ण मोजतो, आणि बिलात ती कुठेच दिसत नाही.

चौथी. रुग्णाची भाषा, त्याची समजूत, त्याची लाज यांच्यासाठी आपल्याकडे फॉर्मवर रकाना नाही. 'समजलं ना?' असं विचारलं की माणसं 'हो' म्हणतात. या 'हो'चे अर्थ मी निदान चार मोजलेत: समजलं; ऐकलं; तुमचा मान राखतो; आणि कृपा करून आता मला जाऊ द्या. संमतीपत्रावरची सही बहुतेक वेळा यातल्या शेवटच्या अर्थाची असते.

आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांची भाषा आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. सोबत मुलगी, वय दहा-अकरा. तीच दुभाषी. डॉक्टरांनी रक्तस्रावाबद्दल विचारलं. मुलीने आईकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, आईला काहीतरी अगदी थोडक्यात विचारलं आणि म्हणाली, "नाही म्हणते." प्रश्न होता तीन वाक्यांचा. त्या मुलीने आईला नेमकं काय विचारलं, ते आजतागायत कोणाला माहीत नाही. केसपेपरवर मात्र 'रक्तस्राव नाही' असं पक्कं लिहिलं गेलं. ती चूक पोरीच्या माथी मारायची का?

मानववंशशास्त्र आणि वैद्यक दोन्ही शिकलेल्या आर्थर क्लाइनमन यांनी सहकाऱ्यांसोबत १९७८ साली रुग्णाला विचारायचे काही साधे प्रश्न सुचवले. हा त्रास कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं? तो आत्ताच का सुरू झाला? या आजारात तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? यासाठी ना यंत्र लागतं ना परवाना. एकदा मी शेवटचा प्रश्न इन्सुलिन घ्यायला नकार देणाऱ्या एका आजोबांना विचारला. त्यांच्या भावाला इन्सुलिन सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत पाय कापावा लागला होता. त्यांच्या हिशेबात इंजेक्शननेच पाय गेला होता. आम्ही दोन दिवस त्यांना 'हट्टी' म्हणत होतो. केसपेपरवर 'असहकार' असा शब्दही होता, तो माझ्या अक्षरात.

पाचवी थोडक्यात. तुम्हाला कागद आवडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक पानाची यादी आणली. छेद देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हे त्यात आहे. पहिल्या चाचणीत आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. मग कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात १०१ रुग्णालयांनी अशाच याद्या लागू केल्या, आणि २०१४ साली छापून आलेल्या पाहणीत मृत्यूंत म्हणावा असा फरक आढळला नाही. का, यावर जाणकारांत वाद आहे. माझं मत विचाराल तर मी आमच्या थिएटरमधली यादी पाहिली आहे. ऑपरेशन संपल्यावर, चहा पिता पिता, एकाच पेनाने सगळ्या खुणा केलेली.

सहावी आमच्याबद्दल. एका नर्सने तीस बेड सांभाळायचे, हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या नर्सला रुग्णांची माहिती, जिन्यात उभ्या उभ्या द्यायचा आणि वर हसायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या नव्या वर्गीकरणात कामाने जळून जाणं, म्हणजे बर्नआउट, नोंदवताना ते नीट न हाताळलेल्या कामाच्या दीर्घ ताणातून येतं असं म्हटलं आहे. माणूस नाजूक आहे असं कुठे म्हटलेलं नाही. 'हसतमुख राहा' हे पोस्टर तो ताण आमच्याच चेहऱ्यावर ढकलतं. रात्री तीन वाजता एखाद्या मुलाला 'तुझे वडील गेले' हे सांगून मी पुढच्या बेडकडे वळते, तेव्हा माझा चेहरा कसा असावा, हे त्या यंत्रातल्या तीन चेहऱ्यांपैकी कोण सांगणार आहे? आणि नातेवाइकांचा उद्रेक. तो वाईटच, मारहाणीचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांच्या आधी सहा-सात तास कोणी त्या लोकांशी धड एक वाक्यही बोललेलं नव्हतं. त्यानंतर तुम्ही दाराशी दोन सुरक्षारक्षक वाढवलेत. बोलायला माणूस मात्र एकही वाढला नाही.

केट ग्रेंजर नावाच्या ब्रिटिश डॉक्टर स्वतः कॅन्सरच्या रुग्ण होत्या. २०१३ साली त्या ॲडमिट असताना त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला तपासणारे बरेच जण नावही सांगत नाहीत. त्यातून 'नमस्कार, माझं नाव अमुक' एवढ्याच वाक्याची मोहीम उभी राहिली आणि जगभर पसरली. २०१६ साली त्या गेल्या. माझ्या वॉर्डात हे वाक्य सुरू करायला आम्हाला चार गुरुवार लागले. पहिल्या गुरुवारी सगळ्यांना ते नाटकी वाटलं. चौथ्या गुरुवारी एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "बेड नंबर ७ म्हणण्यापेक्षा नावाने हाक मारली की माणूस तक्रार नीट सांगतो." हे आम्ही त्यांना वर्षभर सांगत होतो, पण असो.

मागण्या अशा आहेत.

गुरुवारचा तास परत सुरू करावा, तोही ड्युटीच्या वेळेत, आणि मावश्या व वॉर्डबॉय यांच्यासकट. त्यांना वगळून होणार असेल तर नको.

औषध किंवा प्रक्रिया थांबवून 'मला शंका आहे' म्हणण्याचा अधिकार प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी द्यावा. शंका चुकीची निघाली तरी मेमो मिळणार नाही, हेही त्यातच लिहावं.

लहान मुलांकडून दुभाष्याचं काम करून घेणं आजपासून बंद करावं. प्रशिक्षित दुभाषी नेमता येत नसतील, तर निदान फोनवर उपलब्ध करून द्यावेत.

डिस्चार्ज देताना 'समजलं ना' याऐवजी 'घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, ते मला सांगा' असं विचारायची पद्धत लावावी, आणि त्याला लागणारी पाच मिनिटं मनुष्यबळाच्या हिशेबात धरावीत.

हँडओव्हरला बसायला जागा आणि वीस मिनिटं द्यावीत.

बढतीच्या वेळी माणूस हाताखालच्यांशी कसा वागतो, हे हाताखालच्यांना विचारावं. गुप्तपणे. सोन्याचे हातही यातून वगळू नयेत.

यंत्र राहू द्यायचं असेल तर राहू द्या. फक्त शेजारी त्या दिवशी ड्युटीवर किती नर्स आहेत आणि किती असायला हव्या होत्या, हे दोन आकडे खडूने लिहायची परवानगी द्यावी. खडू मी आणीन.

गुरुवारच्या खोलीची किल्ली अजून माझ्याकडे आहे. 'जमा करा' असा निरोप दोनदा आला, तोंडी. ती जमा करायची असेल तर तसं लेखी कळवावं, आणि सोबत त्या फिट्सच्या रुग्णाचा केसपेपर वाचून 'थेट संबंधित नाही' या शेऱ्याखाली कोणीतरी नावानिशी सही करावी.

आपली,
एक इन्चार्ज सिस्टर